रुईबंगल्याची किल्ली

बुऱ्हाणपूरच्या तहसिलीत मी एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. कागद कुठून आला, कोणत्या तारखेला आला आणि कुणाच्या हाती गेला, एवढ्या तीन गोष्टी मला विचाराव्यात. चौथी विचारू नये. कचेरीत थट्टा चालायची की श्रीकांतरावांना भूत भेटलं तर ते आधी त्याचा आवक क्रमांक विचारतील. थट्टा खोटी नव्हती. खाली लिहितो आहे तेही त्याच सवयीनं, घडलं त्या क्रमानं लिहितो आहे. अर्थ लावणं माझं काम नाही.

एकतीस ऑक्टोबर छप्पनला आम्ही निजलो ते नागपूरच्या अमलात आणि उठलो ते भोपाळच्या. तापी होती तिथंच होती, पण कागदांचं घर बदललं. त्यानंतर वर्षभर मी एकच काम करत होतो. रेकॉर्डच्या खोलीत तीन ढीग घातले होते: नागपूरला जायचे कागद, भोपाळला जायचे कागद, आणि दोघांनाही नको असलेले. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा होता. त्यातच रुईबंगल्याची फाईल निघाली.

लालबागच्या रस्त्याला डाव्या हाताला, चिंचांच्या मागे हा बंगला आहे. राणीच्या काळात कापसाच्या खरेदीसाठी आलेल्या कुणा साहेबानं तो बांधला. उंच जोतं, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, ओळीनं सहा खोल्या आणि समोर एकच सागवानी दार. खिडक्यांना गज आहेत, आणि ते बाहेरून बसवलेले आहेत. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. नागपूरनं लिहिलं की बंगला भोपाळचा, भोपाळनं कळवलं की नोंद नागपूरकडे असावी. दोघांचं ठरेपर्यंत किल्ली माझ्या ताब्यात आली.

आता माझ्या घराविषयी. आम्ही बुधवाऱ्यात एका माडीवर राहत होतो. माझी बायको मालती वाईची. बोलणं शुद्ध, आवाज बारीक, लग्नानंतर पहिली पाच वर्षं तिच्या बोलण्यानं घर भरलेलं असायचं. पंचावन्नच्या श्रावणात आमची सुलू घटसर्पानं गेली. चार वर्षांची होती. त्या दिवसापासून मालती बोलेनाशी झाली. वेड नाही, रडणं नाही. स्वयंपाक वेळेवर, कपडे घडी केलेले, पण तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता: ‘अहो.’ पाणी तापलं की ‘अहो.’ पान वाढलं की ‘अहो.’ दाराशी कुणी आलं की ‘अहो.’ सुलूचा पिवळा फ्रॉक, खिशावर बदक शिवलेला, ती उशाखाली घेऊन निजायची. मी दोन वर्षं त्या एका शब्दावर संसार केला. तिनं एकदा तरी पूर्वीसारखं बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. दुसरं काही मी देवाकडेही मागत नव्हतो.

सत्तावनच्या मार्गशीर्षात दत्तात्रय मास्तरांनी प्रदर्शन काढलं. मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. नव्या राज्याचे कोणी मोठे पाहुणे येणार होते, आणि त्यांना आपलं गाव काय होतं ते दाखवायचं, असं मास्तरांनी मनावर घेतलं. प्रदर्शनाचं नाव ‘राणीच्या काळचं बुऱ्हाणपूर’. चित्रं नाहीत, तक्ते नाहीत. जिवंत माणसं त्या काळच्या कपड्यांत बसून त्या काळचे धंदे करणार, आणि बघायला येणाऱ्यानंही जुना वेष करूनच यायचं. धोतर-बाराबंदी नसेल त्याला व्हरांड्यात पगडी आणि उपरणं मिळेल. उघड्या डोक्यानं आत प्रवेश नाही.

“राणीचं कौतुक कशाला आता?” मी म्हणालो.

“राणीचं कुठं? आपल्या आज्यांचं,” मास्तर म्हणाले. “तुमचा तो बंगला द्या आठ दिवस. खालीच पडलाय ना? आणि मला नावं द्या. खरी नावं, खरे धंदे. बनावट नकोत.”

मी तिसऱ्या ढिगातून एक यादी काढली. सन अठराशे नव्व्याण्णव, रुईबंगल्यात ठेवलेले इसम. नाव, वय, धंदा, आत घेतल्याची तारीख, सोडल्याची तारीख. ते प्लेगचं साल होतं हे मला ठाऊक होतं. पण मास्तरांना धंदे हवे होते आणि यादीत धंद्याचा रकाना होता. मी अकरा नावं उतरवून दिली. शेवटचा रकाना मी पाहिला नाही. पाहायचं कारणच पडलं नाही.

उतरवलेली यादी घरी पाटावर पडली होती. मालतीनं ती उचलली, वाचली, आणि एका नावावर बोट ठेवलं. मथुराबाई, वय सव्वीस, धंदा कलाबतू, म्हणजे जरीचा धागा वळणं.

“हिच्या जागी मी बसते,” ती म्हणाली.

दोन वर्षांनी मी तिच्या तोंडून पुरं वाक्य ऐकलं. माझ्या हातातला तांब्या खाली पडला हे सांगायला मला लाज वाटत नाही.

“बस ना,” मी म्हणालो. “जरूर बस.”

“पण त्यांना विचारलंत का? ज्यांची नावं घ्यायची त्यांना अक्षत नको द्यायला? बोलावल्याशिवाय कुणी येतं का?”

आमच्या गावात हे खरंच आहे. छापील पत्रिका कितीही वाटा, दारात जाऊन अक्षत दिल्याखेरीज माणूस कार्याला फिरकत नाही. प्रदर्शनासाठीही मास्तरांनी गावभर अक्षत फिरवली होती. मी हसलो नाही. ती बोलते आहे, एवढंच मला पुरे होतं. तिनं सांगितलं असतं तर मी तापीच्या पाण्यालाही अक्षत दिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. दार उघडलं. आत रुईचा जुना, कोंदट वास होता. मी उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढलं, चिमूट चिमूट अक्षता ठेवत अकरा नावं वाचली आणि प्रत्येकाला रीतीप्रमाणे म्हटलं, “सहकुटुंब सहपरिवार यावं.” मालती शेजारी हात जोडून उभी होती. मला थोडं खुळ्यासारखं वाटलं, पण वाईट वाटलं नाही.

प्रदर्शन सुरू झालं आणि गाव लोटलं. लोकांनी ट्रंकांच्या तळातून काय काय काढलं. माझ्या अंगात आजोबांचा अंगरखा होता. डांबरगोळ्यांचा वास त्याला चिकटला होता आणि काखेत तो दाटत होता. दुपारी कचेरीतून लवकर निघून मी तो चढवायचा, पगडी ठेवायची आणि बंगल्यावर जायचं. खोल्याखोल्यांतून रंगारी, तेली, कासार, अर्जनवीस बसलेले. बँकेतला रमेश कासार झाला होता आणि खऱ्याखुऱ्या बायकांना बांगड्या भरताना घामाघूम होत होता. मधल्या खोलीत खिडकीशी मालती बसायची, नऊवारी नेसून. उजव्या मांडीवर चाती फिरवायची आणि पिवळ्या रेशमाच्या धाग्यावर चपटी चकचकीत तार गुंडाळत न्यायची. तिला हे काम एका म्हाताऱ्या कारागिरानं पहिल्याच सकाळी तासभर शिकवलं होतं. दुपारी तोच कारागीर तिच्यासमोर उकिडवा बसून तिचे हात पाहत होता.

“किधर सीखा बेटी?” त्यानं विचारलं.

तिनं मान वर केली नाही. तो मला म्हणाला, “साहब, हे दहा बरसांचं काम आहे. एक घंट्यात कोणी नाही करत.”

मला अभिमान वाटला. दुसरं काही वाटलं नाही. ती संध्याकाळी घरी येताना बोलत होती. चिंचांविषयी, गर्दीविषयी, रमेशच्या घामाविषयी. मी ऐकत चाललो होतो आणि रस्ता संपू नये असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मला फिनेलचा वास आला. मी मास्तरांना विचारलं, त्यांनी झाडलोट करणाऱ्या यादवला विचारलं. यादव म्हणाला, पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी तो वास अंगरख्याला लागून आमच्या घरी आला.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. पाच वाजले की अकराही जण हातातलं काम ठेवायचे आणि आपापल्या खोलीतून दाराकडे तोंड करून बसायचे. गर्दी असली तरी. कुणी कुणाला खूण करत नव्हतं. पाच-दहा मिनिटं तशी जायची, मग पुन्हा हात चालू.

“हे काय रे?” मी रमेशला विचारलं.

“कुणास ठाऊक, काका,” तो म्हणाला. “आता नावं पुकारतील असं वाटतं बस.”

पाचव्या दिवशी दापोऱ्याहून सोजरबाई आली. साठीची बाई, केळीच्या गाडीवर बसून आलेली. ती जन्मभर नऊवारीच नेसत होती, त्यामुळं तिला वेगळा वेष करावा लागला नाही. ती खोल्या बघत बघत मधल्या खोलीच्या दारात आली आणि उभी राहिली. मी तिथंच होतो. मालतीनं चाती थांबवली.

“सोजे,” ती म्हणाली, “डोक्याले तेल नाही लावलं का व तू?”

मालती कधी ‘मले’, ‘त्याले’ म्हणत नसे. वाईची होती ती. आणि त्या बाईचं नाव तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

सोजरबाई आत गेली आणि मालतीच्या पुढ्यात पाठ करून बसली. मालतीनं तेल्याच्या खोलीतून वाटीत तेल आणवलं, तिचा पांढरा अंबाडा सोडला आणि बोटांनी गुंता काढत, तेल जिरवत तिची वेणी घातली. बघणारे हसत होते. त्यांना तो प्रदर्शनाचाच भाग वाटला. सोजरबाईच्या मांडीवर तिचे दोन्ही हात उघडे पडले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी तिला व्हरांड्यात गाठलं.

“तुम्ही ओळखता माझ्या बायकोला?”

“तुमची बायको?” ती म्हणाली. मग खांबाला टेकून, “भाऊ, मी चार वरसांची व्हती. मले अन् मायले येथंच ठेवलं व्हतं. रोज पाच वाजता डाक्टर नावं पुकारे. ज्याचं नाव घेतलं तो सुटला. माह्यं नाव घेतलं, मामा मले दापोऱ्याले घेऊन गेला. मायचं नाव कोनी घेतलंच नाही. तिचा चेहराबी मले याद नाही. हात तेवढे याद हायेत.”

मी त्या संध्याकाळी कचेरी उघडून मूळ यादी काढली. मी उतरवलेल्या अकरांपैकी दहा जणांपुढं शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता: मयत. मथुराबाईच्या ओळीत तो रकाना कोरा होता. सुटल्याची तारीख नाही, मेल्याचीही नाही. तिच्या खालची ओळ मी आधी वाचली नव्हती. सोजर, वय चार, मामाच्या ताब्यात दापोऱ्यास दिली.

माणसाला घाम फुटतो तो काही नेहमी भीतीनं फुटत नाही. आपण काम नीट केलं नाही हे कळलं तरी फुटतो.

सहाव्या आणि सातव्या दिवशी सोजरबाई सकाळीच यायची. दोघी बोलत बसायच्या. मी जवळ गेलो की थांबायच्या. मालती हसत होती. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर तारेनं बारीक खाच पडली होती, वर्षानुवर्षं तेच काम केलेल्या कारागिरांच्या बोटांवर असते तशी. संध्याकाळी निघताना ती उंबऱ्याशी अडायची, पाय उचलून पुन्हा ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी हात धरला की बाहेर यायची. घरी आल्यावर भाकरी थापताना गुणगुणायची. मी अंथरुणावर पडून ते ऐकायचो आणि स्वतःला म्हणायचो, श्रीकांता, तुला काय करायचंय? बोलते आहे ना?

आठव्या दिवशी, शेवटच्या, सोजरबाई मला म्हणाली, “बोलावलं कोनी त्याइले? अक्षत कोनी देली?”

“मी.”

“मंग वाटे लावनंबी तुमालेच पडते, भाऊ. गनपती बसवला तर उठवत नाही का आपन? नाव घेऊन अक्षता टाका. येवढ्यात पाच वाजतीन.”

मी मास्तरांना सांगितलं की समारोप म्हणून नावं वाचतो. त्यांना कल्पना फार आवडली. पाच वाजले. अकरा जण दाराकडे तोंड करून बसले. मी उंबऱ्यावर उभा राहिलो, एका हातात यादी, एका हातात अक्षता. अंगरखा काखेत टोचत होता.

पहिलं नाव वाचलं, अक्षता टाकल्या, म्हणालो, “सुखानं जावं.” तेली झालेला माणूस उठला, त्यानं डोळे चोळले, पगडी काढली आणि हसत बाहेर गेला. दुसरं नाव. तिसरं. रमेश उठला आणि म्हणाला, “काय भूक लागलीय, काका.” एकेक जण तसाच, ओझं उतरल्यासारखा बाहेर पडला. दहा झाले.

मालती एकटी खोलीच्या दारात बसली होती. तिची नजर माझ्या ओठांवर होती.

सोजरबाईनं माझं मनगट धरलं. तिचे हात थंड होते.

“तिचं नका घेऊ,” ती म्हणाली. “साठ वरसांत मले कोनी सोजे म्हनलं नाही. नका घेऊ, भाऊ.”

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. मी दोष सोजरबाईवर ढकलणार नाही. मला माझं बोलणारं माणूस हवं होतं. मी यादीची घडी केली आणि उरलेल्या अक्षता खिशात टाकल्या.

मग मी मालतीला “चल” म्हणालो. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

“मले सोडलं का?”

“सोडलं,” मी म्हणालो.

या वेळी मला हात धरावा लागला नाही. तिनं उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरली आणि चिंचांखाली जाऊन उभी राहिली. मी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि आम्ही घरी आलो.

आठवडाभरानं शेजारच्या बाई माडीवर आल्या. त्यांच्या हातात सुलूचा पिवळा फ्रॉक होता.

“वहिनींनी दिला. आमच्या धाकटीला होतो का बघा म्हणाल्या,” त्या म्हणाल्या. “पण म्हटलं, तुम्हाला विचारावं.”

मी आत गेलो. ती भाजी निवडत होती.

“फ्रॉक देऊन टाकलास?”

“उशाखाली पडलेला व्हता,” ती म्हणाली. “कोनाचा व्हता?”

मी शेजारणीला म्हणालो, ठेवा तुम्ही. त्यानंतर मी घाटावर जाऊन बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. सुलूला ओळखणारं या जगात आता माझ्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.

तरी मी संसार केला, आणि चांगला केला. ती प्रेमळ होती. आम्हाला मुलगा झाला, प्रकाश. दर गुरुवारी ती दापोऱ्याला जायची. एकसष्टला सोजरबाई वारली तेव्हा हिनं दहा दिवस पोटची पोर गेल्यासारखं अन्न टाकलं. कलाबतूचं काम ती शेवटपर्यंत घरी करत राहिली. मला हाक मारताना “ऐकलं का” म्हणायची. पहिल्या वर्षी वाईहून तिची आई आली होती. पंधरा दिवस राहायला आलेली बाई दुसऱ्याच दिवशी परत निघाली. स्टेशनवर म्हणाली, “ही सुखात आहे, जावईबापू. तिला सुखातच ठेवा.” गाडी हलली तेव्हा त्या माउलीनं विचारलं, “माझी मालती कुठं आहे?” मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

बंगला आजतागायत ना नागपूरचा झाला ना भोपाळचा. किल्ली कुणी परत मागितली नाही.

गेल्या महिन्यात ती गेली. पस्तीस वर्षांनी, झोपेत, हलकेच. तिच्या पहिल्या बोटावरची खाच मी शेवटी एकदा अंगठ्यानं चाचपून पाहिली.

दहाव्या दिवशी आम्ही तापीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते. वामनभटांनी नाव उच्चारलं: मालती. एकही हलला नाही. प्रकाशनं हात जोडून सांगितलं, आई, बाबांना मी सांभाळीन. आई, तुझी चाती मी जपून ठेवीन. अर्धा तास गेला. एक तास गेला. ऊन चढलं. वामनभट दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

मी पुढं गेलो. गुडघ्यावर बसलो. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, “मथुराबाई. सुखानं जा.”

कावळा माझ्या खांद्याशेजारून आला. पंखाचा वारा कानाला लागला. त्यानं पिंडाला चोच लावली.

“शिवला,” प्रकाश म्हणाला आणि रडू लागला. “काय सांगितलंत, बाबा?”

मी गुडघे झटकून उठलो.

वर मी सगळं क्रमानं लिहिलं आहे, पण एक नोंद गाळली आहे. रेकॉर्ड सांभाळणाऱ्यानं असं करू नये.

शेवटच्या दिवशी मी दार ओढून घेतलं तेव्हा ती चिंचांखाली उभी होती, माझ्याकडे बघून हसत होती. मी किल्ली कुलपात घातली. तेव्हा दाराच्या आतून आवाज आला.

“अहो.”

बारीक आवाज. दोन वर्षं मी तो एकच शब्द ऐकत आलो होतो. मला चूक होणं शक्य नव्हतं.

मी किल्ली फिरवली.

काल, चौदाव्या दिवशी, मी आजोबांचा अंगरखा काढला. आता तो अंगात ढिला होतो. पगडी ठेवली, पुडीत अक्षता घेतल्या आणि रिक्षा करून लालबागच्या रस्त्याला गेलो. अर्धं छप्पर बसलं आहे. गज गंजले आहेत. दार मात्र उभं आहे. फिनेलचा वास होता.

किल्ली फिरेना. तेल घालून पाहिलं, दोन्ही हातांनी पाहिलं. मग मी उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. पाच वाजले होते. तिचं नाव घ्यायचं आणि सुखानं जा म्हणायचं, एवढं ठरवून आलो होतो.

“मालती,” मी म्हणालो.

“अहो,” ती दाराच्या अगदी मागून म्हणाली. पस्तीस वर्षांपूर्वीचाच बारीक आवाज. “आज माझं नाव वाचायचं राहिलं का तुमचं? सगळे गेले.”

‘सुखानं जा’ म्हणायचं उरलं होतं; मी हातातली पुडी उलगडत मिटत राहिलो.

“असू द्या,” ती म्हणाली. “सुलूचा फ्रॉक आहे ना हो उशाखाली?”

“आहे,” मी म्हणालो.